आम्ही खेळलोच नाही, टीचर

तालुकास्तरीय शालेय बुद्धिबळ स्पर्धेचं पत्र यंदाही आलं आणि नेहमीप्रमाणे ते माझ्या टेबलावर येऊन पडलं. आमच्या शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे. त्यामुळे कबड्डी एका सरांकडे, धावणं-उडी दुसऱ्या सरांकडे, आणि "हे काय, बसूनच खेळायचं असतं, तुम्हाला जमेल" असं म्हणून बुद्धिबळ माझ्याकडे. मी उर्दू आणि मराठी शिकवते. हे काम अंगावर येईपर्यंत घोडा अडीच घरं चालतो याच्या पलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. किल्लेकोट म्हणजे काय, हे मला सहावीतल्या एका मुलानं शिकवलं, तेही डबा खाता खाता.

पत्र वर्गात वाचून दाखवलं तेव्हा एका मुलीनं हात वर केला. "टीचर, आपस में लग गए तो क्या करने का?" म्हणजे आपल्याच शाळेतल्या दोघींची गाठ पडली तर? प्रश्न साधा होता. पण मी खडू शोधायच्या निमित्तानं फळ्याकडे तोंड फिरवलं. या प्रश्नाचं एक उत्तर मी दोन वर्षांपूर्वी देऊन बसले आहे, आणि ते उत्तर अजून माझा पिच्छा सोडत नाही. ते सांगायचंच आहे. पण त्याआधी बरोबरी या प्रकाराबद्दल थोडं बोलू द्या, कारण आपल्याकडे त्या बिचारीला फारच हलक्यात घेतात.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला विश्वचषकाची अंतिम लढत होती. एका बाजूला कोनेरू हम्पी, दुसऱ्या बाजूला आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. २६ तारखेचा डाव बरोबरीत सुटला, २७ चा पण बरोबरीत सुटला. आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं विचारलं, "काय हो, कोण जिंकलं?" मी म्हटलं, बरोबरी झाली. "म्हणजे काहीच झालं नाही म्हणा की!" आणि चहाचा कप उचलून ते दुसऱ्या विषयाकडे वळले. २८ तारखेला जलद डावांत दिव्या जिंकली, ग्रँडमास्टर झाली, तेव्हा पेढ्याची गोष्ट निघाली. त्या आधीच्या दोन दिवसांत दोन बायका समोरासमोर तासन्‌तास बसून एकमेकींना हलवू पाहत होत्या, आणि कुणीच हललं नव्हतं. ते मात्र कुणाच्या लेखी काहीच झालं नव्हतं.

उर्दूत बरोबरीत सुटलेल्या डावाला एक जुना शब्द आहे, क़ायम. बाज़ी क़ायम झाली, म्हणजे कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. हा शब्द अरबीतून आला. बगदादच्या खलिफांच्या काळात ज्यांनी शतरंजवर ग्रंथ लिहिले, त्यांच्याकडेही न सुटणाऱ्या डावासाठी हीच संज्ञा होती. मूळ अर्थ उभा असलेला. त्याच शब्दाचा नुक्ता पुसून आपण मराठीत 'कायम' म्हणतो, आणि आमच्या पेशात तर तो शब्द जपमाळेसारखा ओढला जातो. शिक्षणसेवक म्हणून लागलेला माणूस वर्षं मोजत असतो, कधी एकदा कायम होतो म्हणून. मला हे फार आवडतं, की ज्या भाषेत शह आहे, मात आहे, वजीर आहे, प्यादं आहे, त्याच भाषेनं बरोबरीला रिकामा शब्द दिला नाही. शेवटी दोघंही उभेच होते, एवढं तरी तिनं नोंदवून ठेवलं.

उभं राहण्याची गंमत कळायची तर नोव्हेंबर २०१८ मधला लंडनचा सहावा डाव पाहावा. जगज्जेतेपदाची लढत, मॅग्नस कार्लसन आणि फाबियानो कारुआना. कार्लसनकडे पांढरी मोहरी होती, कारुआनानं पेट्रॉफ बचाव घेतला. जाणकार म्हणतात, हा बचाव म्हणजे झोपेची गोळी. पण हळूहळू काळ्याचं पारडं जड होत गेलं. शेवटाकडे कारुआनाकडे एक मोहरं जास्त आणि कार्लसनच्या पदरात त्याच्या बदल्यात फक्त प्यादी. आपल्यासारख्यानं बघितलं तर म्हणेल, आता संपलं. कार्लसननं काय केलं, तर आपली मोहरी अशी रचून ठेवली की समोरच्याला आत शिरायला फटच राहू नये. तट बांधून आत बसला. बसला म्हणजे आरामात नाही. एक चाल चुकली की तट ढासळणार, आणि अशा चाली त्यानं एकामागून एक केल्या. सहा तासांहून जास्त वेळ, ऐंशी चाली.

या डावाची दुसरी अर्धी गंमत पुढे आहे. डाव चालू असताना एका बलाढ्य संगणकानं दाखवून दिलं की अडुसष्टाव्या चालीला काळ्याला जिंकता येत होतं. उंट एका विचित्र घरात न्यायचा, आणि मग घोडा पटाच्या अगदी कडेला नेऊन अशा जागी ठेवायचा, जिथून परतीची वाट दिसत नाही. जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनी सांगितलं की ही चाल माणसाला सुचणं शक्य नाही. कारुआनाला ती सुचली नाही. तर मग ही बरोबरी कोणाची? संगणकाच्या हिशेबानं एक हुकलेला विजय. पण पटाशी दोन माणसं होती. एकानं माणसाला शक्य होतं तेवढं सगळं ढकलून पाहिलं, दुसऱ्यानं माणसाला शक्य होतं तेवढं सगळं रोखून धरलं. अर्धा अर्धा गुण दोघांनी वाटून घेतला. मी हा डाव मुलांबरोबर दोनदा लावून पाहिला. सगळं समजलं असं म्हणणार नाही. तासिका संपल्याची घंटा मात्र दोन्ही वेळा कुणाला ऐकू आली नाही.

त्या लढतीतले बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असं आधी झालं नव्हतं. बाराव्या डावात तर कार्लसननं स्वतःची बाजू वरचढ असताना एकतिसाव्या चालीला बरोबरीचा प्रस्ताव दिला आणि बरीच टीका ओढवून घेतली. पुढे जलद डावांत तो तीन-शून्य जिंकला, तो भाग वेगळा. टीका मला पटते, पण माझ्या तक्रारीचा तो विषय नाही. त्या लढतीत दोघंच होते. कार्लसननं काही सोडलं असेल तर ते स्वतःचं सोडलं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. डिसेंबर २०२३, समरकंद. होय, तेच, तैमूरचं आणि उलुगबेगच्या वेधशाळेचं समरकंद. तिथे अतिजलद बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा चालू होती. दानिल दुबोव आणि इयान नेपोमनियाची, दोघंही रशियन, दोघंही पहिल्या रांगेतले, एकमेकांसमोर आले. दुबोवनं घोडा बाहेर काढला. नेपोमनियाचीनंही काढला. मग पुन्हा घोडा, पुन्हा घोडा. एक प्याद हललं नाही, एक मोहरं मारलं गेलं नाही. चार घोडे पटभर नाचले, तेरा चालींत बरोबरी झाली आणि दोघं उठले. पाहणारे हसले. पंच हसले नाहीत. आधीच ठरवून केलेली बरोबरी म्हणून त्यांनी निकाल रद्द केला आणि दोघांच्या नावापुढे शून्य लिहिलं. स्पर्धा संपली तेव्हा कार्लसन सोळा गुणांवर पहिला होता आणि दुबोव साडेपंधरांवर दुसरा. अर्ध्या गुणाचा फरक! तो अर्धा गुण मिळाला असता तर पुढच्या जोड्या वेगळ्या लागल्या असत्या, पुढचे डाव वेगळे झाले असते, त्यामुळे नुसत्या बेरजेनं काही सांगता येत नाही. तरी हा आकडा डोळ्यांत खुपतो खरा.

या शिक्षेवर पुष्कळ वाद झाला. दोघांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा एक मुद्दा खोडून काढणं कठीण आहे. बुद्धिबळात बर्लिन बचावाची एक ओळ आहे. तिच्यात शेवटी दोन वजीर समोरासमोर येऊन पुढे-मागे करत राहतात आणि चौदा चालींत तीच स्थिती पुन्हा पुन्हा आल्यामुळे बरोबरी होते. मोठमोठ्या स्पर्धांत ती कितीदा तरी खेळली गेली आहे. दोघांना ती तोंडपाठ असते, पाहणाऱ्यांनाही असते. तिथे कुणी कुणाला शून्य देत नाही, कारण ती खेळासारखी दिसते. मग दुबोव आणि नेपोमनियाचीचा गुन्हा काय, तर त्यांनी लपवलं नाही!

हे वाचलं तेव्हा मी हसले होते. मग एकदम हसू थांबलं, कारण माझा स्वतःचा डाव बर्लिनवाल्यांचा होता.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. बाहेर चपलांचा चिखल, आत सतरंज्यांवर ओळीनं मांडलेले प्लास्टिकचे पट, आणि माइकवरून दर पाच मिनिटांनी 'पालकांनी कृपया आत येऊ नये'. स्विस लीग पद्धत, पाच फेऱ्या, पहिल्या पाच मुली जिल्ह्याला जाणार. चार फेऱ्यांनंतर माझ्या दोन मुलींचे साडेतीन-साडेतीन गुण होते. एक आठवीतली, एक सातवीतली. आमच्या शाळेतून जिल्ह्याला आजवर कुणीच गेलं नव्हतं. आणि पाचव्या फेरीची यादी भिंतीवर लागली तेव्हा त्या दोघी एकमेकींसमोर होत्या.

मला हिशेब करायला वेळ लागला नाही. खेळल्या तर एक साडेचारवर जाईल, एक साडेतीनवर राहील, आणि साडेतीनवाली बहुतेक बाहेर. बरोबरी केली तर दोघी चारवर, दोघी आत. मी दोघींना पाण्याच्या टाकीमागे नेलं. "देखो बेटा, दोनों अपने ही हैं. आठ-दहा चालें खेलो और हाथ मिला लो." आठवीतलीनं लगेच मान हलवली. सातवीतली माझ्याकडे बघत राहिली. मग तीही हलवली. टीचरनं सांगितलं म्हटल्यावर काय करणार?

त्यांनी आठ चाली खेळल्या. चांगल्या चाली, पुस्तकातल्या. किल्लेकोटही केला. हात मिळवला, पंचांनी पत्रिकेवर सह्या घेतल्या. कुणालाही काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं, मीच तर सांगितलं होतं की दिसायला डाव दिसला पाहिजे. समरकंदच्या त्या दोघांनी निदान घोडे नाचवले.

दोघी निवडल्या गेल्या. एक तिसरी, एक पाचवी. मुख्याध्यापकांना फोन केला, त्यांनी मुबारकबाद दिली. परतीच्या एस.टी.त मी मुलींना भजी घेऊन दिली. आठवीतली फोटो काढत होती. सातवीतली खिडकीशी बसली होती, बोलत नव्हती. मला वाटलं, दमली असेल. आमचा थांबा जवळ आल्यावर ती म्हणाली, "टीचर, हम तो खेलेच नै."

आमच्याकडची दक्खनी ज्यांच्या कानावर असते त्यांना तो 'च' ओळखीचा वाटेल. तो मराठीचा. आमच्या घरातल्या उर्दूत तो असा जाऊन बसलाय की काढू म्हटलं तरी निघत नाही. वर्गात मी तो दुरुस्त करते, 'खेले ही नहीं' म्हणायला लावते. त्या दिवशी दुरुस्त केला नाही. त्या वाक्यात सगळं वजन त्या 'च'वरच होतं.

मी म्हटलं, "बराबरी हुई ना बेटा, दोनों सिलेक्ट हुए." ती म्हणाली, "हाँ. मगर मैं जीतती थी के हारती थी, मालूमच नै हुआ."

मी दिलेल्या बरोबरीतून तिचं काय गेलं, ते तिनं इतक्या सरळ सांगितलं. तिला जिंकायचं होतं असं नाही. आठवीतली तिच्याहून बरी खेळायची, बहुधा ती हरलीच असती. पण तिला ते जाणून घ्यायचं होतं आणि मी तेवढंच तिच्याकडून काढून घेतलं. जिल्ह्याला दोघी लवकरच हरून परतल्या, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरी गोष्ट अजून पुढेच आहे, आणि ती मला त्या दिवशी दिसूनही दिसली नव्हती. निकाल वाचून दाखवले जात होते तेव्हा दाराशी एक मुलगी उभी होती. दुसऱ्या शाळेतली, तीही आठवीतली. चार फेऱ्यांनंतर तिचे तीन गुण होते. शेवटचा डाव ती जिंकली आणि चारवर आली. माझ्या दोघीही चारवर. समान गुण असले की बुकोल्झ लावतात, म्हणजे तुमच्याशी खेळलेल्यांनी एकूण किती गुण मिळवले त्याची बेरीज. त्यात ती सहावी आली. तिचे वडील पंचांना कागद दाखवून काहीतरी विचारत होते आणि पंच त्यांना समजावत होते, की सगळं नियमाप्रमाणेच आहे. होतंच नियमाप्रमाणे. मुलगी रडत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

माझ्या दोघी खेळल्या असत्या आणि त्यांतली एक हरली असती, तर ही पाचवी आली असती.

खेळूनही बरोबरी झालीच असती तर? तर ही मुलगी तरीही सहावी आली असती, आणि ते ठीक होतं. हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारून, स्वतःची सुटका होते का ते बघितलं आहे. होत नाही. पटावर दोघीच बसलेल्या असतात म्हणून आपल्याला वाटतं की बरोबरी हा त्यांच्यातला मामला आहे, दोघी राजी तर तुमचं काय जातं? लंडनमध्ये तो खरंच दोघांतला मामला होता. पण स्पर्धेत एका खोलीत चाळीस मुली असतात, आणि कुठल्याशा तिसऱ्या पटावर घाम गाळून खेळणारी मुलगी या भरवशावर असते, की बाकीच्या पटांवरही खेळच चालू आहे.

हे काही मी लावलेलं नवीन गणित नाही. १९६२ साली कुरासाओ बेटावर जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवायची स्पर्धा झाली. सोव्हिएत संघाचे पेट्रोशन, गेलर आणि केरेस एकमेकांशी बारा डाव खेळले, आणि बाराच्या बारा बरोबरीत, बहुतेक झटपट. बाकीचे जिवाच्या आकांतानं खेळून थकत होते, हे तिघे आपसात विसावा घेत होते. पेट्रोशन साडेसतरा गुणांनी पहिला आला, गेलर आणि केरेस सतरांवर. बॉबी फिशर चौदांवर चौथा आला आणि त्यानं एका अमेरिकी साप्ताहिकात जाहीर आरोप केला, की रशियनांनी ठरवून केलं. फिशर साडेतीन गुणांनी मागे होता, त्यामुळे फक्त या बरोबऱ्यांमुळेच तो हरला असं म्हणता येत नाही. पण एखादा माणूस हरल्यावर कांगावा करतो म्हणून त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही. जागतिक संघटनेनं पुढे ही स्पर्धाच बदलली. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळण्याऐवजी दोघादोघांच्या बाद फेरीच्या लढती आणल्या. म्हणजे तिसरा माणूसच काढून टाकला. इलाज भारी होता, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता.

नंतर आणखी उपाय झाले. २००५ मध्ये सोफियाच्या स्पर्धेत नियम आला, की खेळाडूंनी आपसात बरोबरी ठरवायची नाही, पंचांना विचारायचं. कुठे तीस चालींच्या आत बरोबरी मान्य नाही, कुठे विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एकच. प्रत्येक नियमाला पळवाट निघाली. तीस चाली म्हटलं तर तीस चाली करतील. आमच्या वर्गातही पाच ओळींचा निबंध लिहा म्हटलं की मुलं बरोबर पाच ओळी लिहितात.

शेवटी न्यूयॉर्क आलं. ३१ डिसेंबर २०२४ ला कार्लसन आणि तोच नेपोमनियाची अतिजलदच्या अंतिम लढतीत भिडले. दोन-दोन झाले, मग तीन डाव बरोबरीत गेले, आणि कार्लसननं सुचवलं की विजेतेपद वाटून घेऊ. संघटनेनं ऐकलं. नाही ऐकलं तर छोट्या छोट्या बरोबऱ्या करत राहू, असं तो नेपोमनियाचीला म्हणाल्याचा व्हिडिओही फिरला. तो विनोद होता, असं त्यानं नंतर सांगितलं. असेल. पण याच संघटनेनं वर्षापूर्वी समरकंदमध्ये ज्यांना शून्य दिलं, त्यांतला एक इथे संघटनेच्याच परवानगीनं सहविजेता झाला, हे बघून मी आमच्या शिक्षण खात्याची परिपत्रकं जरा जास्त समजुतीनं वाचू लागले आहे.

माझं मत विचाराल तर समरकंदचं शून्य योग्य होतं. बर्लिनवाल्यांना पकडता येत नाही म्हणून घोडेवाल्यांना सोडा, हा युक्तिवाद मला पटत नाही. कॉपी करणारे सगळे सापडत नाहीत म्हणून सापडलेल्याचा पेपर आपण तपासत नाही ना? मात्र जो सापडत नाही त्याचं काय, याचं उत्तर पंचांकडे नाही. ते तिथे पाण्याच्या टाकीमागे होतं, माझ्याकडे.

इथे एक गोष्ट आठवते. बुद्धिबळ सुरू केलं तेव्हा एका मुलीची अम्मी शाळेत आली होती. काळजीनं विचारत होती, की हा खेळ जायज़ आहे ना? उलेमांमध्ये याबद्दल मतभेद आहेत, ते मी तिला सांगितलं, आणि ज्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे तेही सांगितलं, की पैज लावून खेळायचं नाही. "यहाँ पैसे का कुछ नहीं है, बहन." ती समाधानानं गेली. तिची मुलगी म्हणजे ती सातवीतलीच. पैसे लावणं हराम, हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं. आधी ठरवून खेळणं काय आहे, हे तिनं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. कुणाचा एक रुपया न लावता मी एका परक्या मुलीचं जिल्ह्याचं तिकीट उचललं होतं.

समरकंदची बातमी आली त्या जानेवारीत हीच मुलगी मधल्या सुट्टीत घरचा मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे, तरी आणला होता. घोड्यांच्या नाचाचा व्हिडिओ लावला, आणि संपल्यावर म्हणाली, "टीचर, ये भी हमारे जैसेच." हसत म्हणाली, टोमणा नव्हता. मी मोबाइल जप्त करायचा विसरले.

आता ती नववीत आहे. आठवीतली दहावीत गेली, क्लासेस सुरू झाले, खेळणं सुटलं. नववीतली मात्र रोज मधल्या सुट्टीत पट मांडते. गेल्या शनिवारी माझ्याशी खेळली. माझं काय, मी विसाव्या चालीपर्यंतच टिकते. पण त्या दिवशी माझ्या हत्तीनं साथ दिली आणि ओढत ओढत डाव शेवटाला आला. पटावर दोन राजे आणि माझं एक प्याद. तिनं आपला राजा प्याद्याच्या वाटेत असा उभा केला की मला पुढे सरकता येईना, आणि सरकलं तर तिच्या राजाला जागाच उरेना. ती उठून म्हणाली, "ज़िच!" जुन्या शतरंजमध्ये अशी कोंडी करणारा जिंकला असं मानत. आजच्या नियमानं बरोबरी. उर्दूच्या पुस्तकातला शब्द पटावर वापरला म्हणून मला जो आनंद झाला, तो मी तिला दाखवला नाही. "जुन्या नियमानं मी जिंकले," असं मात्र म्हटलं. तिनं नियमांची पुस्तिका आणून समोर ठेवली.

'आपस में लग गए तो' विचारणाऱ्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. खेळायचं म्हटलं. राजे उरेपर्यंत खेळायचं. तिनं विचारलं, "और दोनों में से एक रह गई तो?" रह गई तो रह गई. वर्गात जरा शांतता झाली. नववीतली मागच्या बाकावरून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

स्पर्धेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल सहभागी मुलींची यादी आली. त्या दुसऱ्या शाळेची तीन नावं आहेत, तिचं नाही. ती आता दहावीत असणार. त्या शाळेच्या सरांचा नंबर माझ्याकडे होता. काही निमित्त काढून फोन केला, पंचांच्या मानधनाबद्दल, जेवणाबद्दल बोलले, आणि मग विचारलं, की दोन वर्षांपूर्वी तुमची एक मुलगी यायची, ती खेळत नाही का आता?

सर थोडा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "कोण, ती सहावी आली होती ती?"